माइक लावलाय पण आवाजच येत नाहीये? घरच्या कॉम्प्युटरवर कुठून बघायला सुरुवात करायची

मागच्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. तिला नातवासाठी गोष्टी रेकॉर्ड करायच्या होत्या, नातू न्यू जर्सीला, आपल्याकडे झोपायची वेळ झाली की तिकडे भर दुपार आणि तो शाळेत, त्यामुळे फोनवर गोष्ट सांगायचं काही जमत नाही. घरात जुना डेस्कटॉप होता, माइकची दांडी असलेला वायरवाला हेडफोन होता, मी म्हटलं पाच मिनिटात करून देतो. दीड तास गेला. ड्रायव्हर (विंडोजला माइक चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) काढला, परत टाकला, तीनदा रिस्टार्ट मारला, रेकॉर्डिंगमधे आपली सरळ रेघ. शेवटी मावशीच चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, अरे ह्या वायरवर हे छोटंसं काहीतरी सरकतंय, ते काय आहे? म्यूटचं बटण होतं ते.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो आणि हा लेख त्याच शिस्तीत लिहिलाय. आवाज तोंडातून निघून फाइलपर्यंत ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने आपणही जायचं: माइक, वायर, पिन, विंडोज, परवानगी, सॉफ्टवेअर. मधूनच ड्रायव्हरवर उडी मारायची नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर नेमकं कशाने झालं ते कळत नाही, मग पुढच्या महिन्यात परत बंद पडलं की परत पहिल्यापासून सगळं.

प्रत्येक बदलानंतर दहा सेकंदाचं रेकॉर्डिंग करा, आणि त्यात हॅलो हॅलो करत बसण्यापेक्षा काय बदललं तेच बोला. "आता पिन मागच्या गुलाबी भोकात लावलीये, लेव्हल ८०." नंतर ऐकताना रेकॉर्डिंगच सगळं सांगतं, वहीत लिहायला नको. ह्या टेस्टसाठी विंडोजचं स्वतःचंच ॲप वापरा, विंडोज ११ मधे साउंड रेकॉर्डर आणि १० मधे व्हॉइस रेकॉर्डर. (१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला पण निम्म्या ओळखीच्या घरात अजून तेच आहे, त्यामुळे दोन्हीचं लिहितोय.) ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) किंवा झूम नंतर. त्यांच्या स्वतःच्या सेटिंगा वेगळ्या असतात, आधीच त्यात शिरलं की गुंता होतो.

पायरी १: माइक जिवंत आहे का

सगळ्यात सोपं काम पहिल्यांदा. हाच माइक दुसरीकडे लावून बघा, शेजारच्यांच्या लॅपटॉपला, फोनला, जिथे बसेल तिथे. तिथेही बोंब असेल तर कॉम्प्युटरला छळण्यात अर्थ नाही. तिथे चालला तर माइक सुटला, पुढे चला.

मग म्यूट. हे इतकं साधं आहे की सगळे सोडून देतात, मी पण सोडलंच होतं. वायरवरची डबी बघा, हेडफोनच्या कानावर बटण असतं ते बघा, काही हेडसेटची दांडी वर उचलली की माइक आपोआप बंद होतो. यूएसबी माइकवर बहुतेकदा दिवा असतो आणि तो लाल झाला की म्यूट. लॅपटॉपच्या वरच्या ओळीत एफच्या बटणांवर कुठेतरी काट मारलेल्या माइकचं चित्र असेल, ते चुकून दाबलं गेलं की आतला माइक बंद, आणि ते कोणी दाबलं हे कोणालाच आठवत नाही.

पायरी २: पिन आणि भोक

वायरवाल्या माइकच्या निम्म्या तक्रारी माझ्या अनुभवात इथेच असतात, म्हणून जरा सविस्तर.

पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या रेघा मोजा. ह्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर बहुतेकदा काळ्या, कधी पांढऱ्या रेघा असतात. दोन रेघा म्हणजे पिनेचे तीन भाग, तीन रेघा म्हणजे चार भाग. मोबाइलबरोबर येणाऱ्या हेडफोनची पिन चार भागांची, त्यात डावा कान, उजवा कान, अर्थ आणि माइक असं सगळं एकाच पिनेत. आता डेस्कटॉपच्या मागे बघा, तिथे हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी भोक माइकचं, निळं लाइन इनचं, आणि ही भोकं तीन भागांच्या पिनेसाठी केलेली आहेत. मोबाइलचा हेडफोन हिरव्यात लावला तर ऐकू येतं आणि माइक बेपत्ता, गुलाबीत लावला तर बहुतेकदा काहीच धड नाही. ह्याला स्प्लिटर लागतो, म्हणजे एका बाजूला एक भोक आणि दुसऱ्या बाजूला दोन पिना, एकीवर हेडफोनचं चित्र आणि एकीवर माइकचं. दुकानात मागताना नीट सांगा, कारण दोघांनी मिळून गाणी ऐकायचा पण एक स्प्लिटर असतो, दिसायला तसाच भाऊ, पण त्याला एक पिन आणि दोन भोकं. तो घेऊन आलात तर परत फेरी.

लॅपटॉपवर उलटं. तिथे बहुतेकदा एकच भोक असतं आणि त्याच्यावर हेडफोनला माइक चिकटवल्यासारखं चित्र. ते चार भागांच्या पिनेचं. तिथे कॅमेऱ्यासाठीचा तीन भागांचा माइक लावला तर लॅपटॉपला माइकचा भाग सापडतच नाही, तो समजतो हेडफोन लावलाय आणि रेकॉर्डिंग आपलं आतल्याच माइकने चालू ठेवतो. ह्याला तीनचं चार करणारा छोटा अडॅप्टर मिळतो. कॉलर माइकच्या वायरवर डबी असेल आणि तिच्यावर स्मार्टफोन आणि कॅमेरा असा स्विच असेल तर दोन्हीकडे करून बघा, आणि डबी उघडून आतला बटण सेल पण तपासा, तो संपला की आवाज आधी बारीक होतो आणि मग जातो.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला असलेली भोकं दिसायला सोयीची पण बेभरवशाची. कॉम्प्युटर असेंबल करताना पुढच्या पॅनलची ऑडिओची बारीक वायर मदरबोर्डला जोडायची राहून गेली तर ती भोकं नुसती शोभेची असतात. आणि पिन टक् आवाज येईपर्यंत आत ढकला, अर्धवट बसलेली पिन दिसत नाही पण खरखर ऐकू येते.

आता दोन माइक असे आहेत की जे "बसतात पण चालत नाहीत".

एक म्हणजे मंडळाच्या गणपतीत असतो तो, हातात धरायचा जाड डोक्याचा माइक. हा डायनॅमिक. त्याची पिन मोठी, तिला कन्व्हर्टर लावून गुलाबी भोकात घालता येतं, पण ह्या माइकमधून निघणारा सिग्नलच इतका अशक्त असतो की तोंडाशी धरून ओरडलात तरी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं येतं. माइक खराब नाहीये, त्याला पुढे ताकदवान प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग लागतो, मिक्सरमधे असतो तसा.

दुसरा म्हणजे स्टँड, जाळी, फोम सगळं एका खोक्यात मिळतं तो कंडेन्सर माइक. मोठा, सोनेरी-काळा, रेडिओ स्टेशनसारखा दिसणारा. ह्या जातीच्या माइकला चालायला ४८ व्होल्ट लागतात, त्याला फँटम पॉवर म्हणतात, आणि गुलाबी भोकातून येतात जेमतेम दोन-चार व्होल्ट. काही स्वस्त माइक तेवढ्यावर पण कसेबसे कुरकुरतात म्हणून खोक्यात ती वायर दिलेली असते आणि आपली फसगत होते. मी पण असाच एक घेतला, महिनाभर बूस्ट वाढवून वाढवून बघितलं, आवाज पावशेर आणि सूं सूं शेरभर. नंतर ऑडिओ इंटरफेस नावाची यूएसबीवर चालणारी डबी घेतली, तिच्यावरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलं आणि तोच माइक एकदम वेगळाच वाटला. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी विचाराल तर सरळ साधा यूएसबी माइक सांगेन, त्यात हे सगळं आतच असतं. तो हबमधे न लावता थेट कॉम्प्युटरला लावायचा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला.

आणि हो, ह्या मोठ्या कंडेन्सर माइकच्या डोक्यावर बोलायचं नसतं. त्यांच्या बाजूला बोलतात, बहुतेकदा कंपनीचं नाव असतं त्या बाजूला. मागच्या बाजूने बोललात तर आवाज लांबून आल्यासारखा येणारच, माइक तसाच बनवलाय.

पायरी ३: विंडोज कुठला माइक ऐकतंय

लॅपटॉपला आतला माइक, वेबकॅमला एक माइक, हेडफोनला एक माइक, ब्लूटूथ इअरबडला एक, असे घरात माइक चार आणि विंडोज भलत्याचंच ऐकत बसलेलं. स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा, खाली इनपुट आहे तिथे यादी दिसेल. नावं गोंधळाची असतात. मायक्रोफोन ॲरे (Array) असं लिहिलं असेल तर तो लॅपटॉपच्या आतला. यूएसबी ऑडिओ डिव्हाइस म्हणजे बहुतेक तुम्ही लावलेला यूएसबीवाला. स्टिरिओ मिक्स दिसलं तर त्याला हात लावू नका, ते कॉम्प्युटरमधे वाजणारा आवाज रेकॉर्ड करतं, तुमचा नाही.

नावावरून कळत नसेल तर नखाची युक्ती. एकेक माइक निवडा आणि आपल्या माइकच्या जाळीवर नखाने हलकंसं टकटक करा, आणि मग लॅपटॉपच्या स्क्रीनच्या कडेवर टकटक करा. कशाने तिथली आवाजाची हलती पट्टी जोरात उडते ते बघा, तो माइक चालू आहे. फुंकर मारू नका, ती सगळ्याच माइकना ऐकू जाते आणि नाजूक माइकला चांगली पण नाही.

यादीत माइकच नसेल तर जुनी खिडकी उघडायची. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा आणि जी चौकट येते तिच्यात एमएमएसवायएस डॉट सीपीएल (mmsys.cpl) ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा. रेकॉर्डिंगचा टॅब उघडा, मोकळ्या जागेवर राइट क्लिक करा आणि शो डिसेबल्ड डिव्हाइसेसवर टिक करा. कधीकधी आपला माइक तिथे राखाडी होऊन पडलेला असतो, राइट क्लिक करून एनेबल केला की जागा होतो. तिथेच सेट ॲज डिफॉल्ट पण करा. डिफॉल्ट दोन प्रकारचे असतात बरं का, एक साधा डिफॉल्ट आणि एक डिफॉल्ट कम्युनिकेशन, कॉलची ॲप्स दुसरा धरतात, म्हणून रेकॉर्डरमधे आवाज येतो आणि कॉलवर येत नाही असं झालं की हे बघायचं.

पायरी ४: परवानगी

पट्टी हलतीये पण ॲपमधे आवाज नाही, तर हे. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग मायक्रोफोन. वरपासून खालपर्यंत स्विच आहेत, ह्या कॉम्प्युटरला माइक वापरू द्यायचा का, ॲप्सना द्यायचा का, आणि खाली वेगळा डेस्कटॉप ॲप्सना द्यायचा का. तो शेवटचा लोकांना दिसतच नाही, कारण त्याच्या आधी ॲप्सची लांबलचक यादी येते, आणि ऑडॅसिटीसारखी डाउनलोड करून टाकलेली सॉफ्टवेअर त्याच शेवटच्या स्विचखाली येतात. तिन्ही चालू पाहिजेत. घरात अँटिव्हायरस असेल तर त्याच्यात पण माइक अडवायची सोय असू शकते, तिथेही डोकवा.

ब्राउझरमधून रेकॉर्ड करत असाल तर पत्त्याच्या डावीकडच्या छोट्या चिन्हावर क्लिक करून माइकला अलाउ करा आणि पान रिफ्रेश करा. एकदा घाईत ब्लॉक दाबलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो, परत विचारत नाही.

मॅकवाल्यांनी सिस्टिम सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन, तिथे ॲपपुढचं बटण चालू करा आणि ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. मॅकवर माइक चालू असला की वरच्या पट्टीत केशरी ठिपका दिसतो, तो दिसला म्हणजे कोणीतरी ऐकतंय हे नक्की. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, पण पाव्हूकंट्रोल टाकून घ्या, त्यात सगळ्या पट्ट्या एका जागी दिसतात.

पायरी ५: सॉफ्टवेअर

साउंड रेकॉर्डरमधे आवाज येतोय आणि ऑडॅसिटीत नाही, तर ऑडॅसिटीच्या ऑडिओ सेटअपमधे रेकॉर्डिंग डिव्हाइस बघा. ऑडॅसिटी उघडी असताना माइक लावला तर तिला तो दिसत नाही, तिथेच रीस्कॅनचा पर्याय आहे, तो दाबा. एरर ओपनिंग साउंड डिव्हाइस असा डबा आला तर बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी ॲपने माइक धरून ठेवलाय, झूम, मीट, टीम्स सगळं बंद करा. तरी येत असेल तर त्याच ऑडिओ सेटअपमधे होस्ट, म्हणजे ऑडॅसिटी विंडोजकडून आवाज कुठल्या पद्धतीने घेते ते, एमएमईवरून (MME) वासापी (WASAPI) करून बघा किंवा उलट. आवाज एकाच कानात येत असेल तर चॅनल मोनो करा. बोलायचं रेकॉर्डिंग मोनोच चांगलं, तुम्हाला तोंड एकच आहे.

एक मजेशीर बिघाड सांगतो. आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे ह्याचा एक आकडा असतो, सॅम्पल रेट. माइक ४४,१०० हर्ट्झवर आणि प्रोजेक्ट ४८,००० वर असं असलं की चांगलं सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, पण मधे कुठे गडबड झाली तर आवाज चोरपावलांनी वर चढतो. एका ओळखीच्या गाणाऱ्या काकूंनी काळी एकमधे म्हटलेला अभंग फाइलमधे पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी वाजत होता, पेटीच्या जवळपास दीड पट्ट्या वर, आणि लय पण थोडी पळत होती. काकूंना वाटलं आपलाच सूर सुटतोय, दोन दिवस त्या पेटी घेऊन बसल्या होत्या. जुन्या खिडकीत माइकच्या प्रॉपर्टीजमधे ॲडव्हान्स्ड टॅबला फॉरमॅट असतो, तो आणि सॉफ्टवेअरमधला आकडा एकच ठेवा. कुठला का असेना, दोन्हीकडे सारखा.

आवाज येतोय, पण बारीक किंवा फाटलेला

माइकच्या प्रॉपर्टीजमधे लेव्हल्स टॅब. तिथे वरची पट्टी १०० पर्यंत आणि काही माइकना खाली मायक्रोफोन बूस्ट, तो दहा-दहा डेसिबलच्या टप्प्यांनी ३० पर्यंत जातो. आधी वरची पट्टी ८०-९० ला न्या आणि तरी बारीकच असेल तरच बूस्ट एक टप्पा द्या. बूस्ट तुमचा आवाज आणि घरातला गोंगाट दोन्ही सारखेच वाढवतो, त्याला काही कळत नाही कोण बोलतंय.

त्याच्या आधी माइक जवळ आणा. हे फुकट आहे आणि सगळ्यात जास्त कामाचं. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. मी वितीने मोजतो, अंगठा हनुवटीला टेकवून करंगळी ताणायची, तिच्या टोकाशी माइक. आवाज फार बारीक असेल तर अर्धी वीत. आणि माइक अगदी तोंडासमोर नको, जरा बाजूला, गालाच्या रेषेत, कारण आपल्या मराठीत फ, भ, थ, ध, ख ची रेलचेल आहे, "भोपळ्या भोपळ्या" म्हणून बघा, प्रत्येक 'भ'ला हवेचा झोत सुटतो आणि तो जाळीवर आपटला की धप्प असा आवाज येतो. पॉप फिल्टर नसेल तर तार गोल वाकवून त्यावर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवा, चालतं.

लेव्हल लावताना हळू आवाजात टेस्ट करू नका. गोष्टीतला वाघ जिथे डरकाळी फोडतो ते वाक्य म्हणा. त्या वाक्याला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे गेला पाहिजे, शून्याला टेकला की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड शिवता येत नाही. बारीक असेल तर वाढवता तरी येतो, म्हणून चुकायचंच असेल तर थोडं बारीककडे चुका.

गूं गूं, खरखर, आणि आवाज मधेच गायब

सतत एकसारखी गूं असेल तर ती घरच्या विजेची, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि ती माइकच्या वायरीत शिरली की तशी गुणगुणते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर टेस्ट करा. गूं गेली तर चार्जर किंवा अर्थिंगचा प्रश्न, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावलाय का बघा, अर्थिंग असलेल्या सॉकेटला थेट लावा. तोपर्यंत रेकॉर्डिंग बॅटरीवर करायचं, झालं. माइकची वायर चार्जरच्या वायरीला चिकटून जात असेल तर लांब करा.

खरखर मधून मधून येत असेल तर वायर हलवून बघा, पिनेच्या मानेपाशी तुटलेली असते बहुतेकदा. पण मावशीच्या वेळी म्यूट काढल्यावर पण खरखर येतच होती आणि ती मान हलवली की यायची, वायर ठीक होती. बघितलं तर माइकची दांडी खाली वाकवलेली आणि तिचं टोक मंगळसूत्राच्या मण्यांना घासत होतं. दांडी ओठाच्या कोपऱ्याजवळ उचलली आणि गेली खरखर. कॉलर माइकचं पण तेच, पदराला लावाल तर पदर प्रत्येक हालचालीला घासणार, त्यापेक्षा ब्लाउजच्या काठाला किंवा शर्टाच्या बटणपट्टीला लावा आणि वायरला खाली एक सैल वळण देऊन चिकटपट्टीने अडकवा.

शब्द अर्धे खाल्ल्यासारखे वाटले, वाक्याची सुरुवात गायब झाली, तर विंडोजचं किंवा ॲपचं नॉइज सप्रेशन, म्हणजे गोंगाट पुसायची सोय, जास्त हुशारी करतंय. विंडोज ११ मधे माइकच्या पानावर ऑडिओ एन्हान्समेंट्स आहे, ते ऑफ करा. संगीताच्या ऑनलाइन क्लासला हे फार छळतं, कारण तानपुरा म्हणजे एकसारखा चालू राहणारा आवाज, सॉफ्टवेअरला तो पंख्यासारखाच वाटतो आणि ते तानपुरा पुसून टाकतं, पेटीचा धरलेला सूर पण हळूहळू विरून जातो. झूममधे ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स म्हणून आहे, सेटिंगमधून चालू करा आणि मीटिंगमधे वर डावीकडे परत ऑन करा. करिओकेचा ट्रॅक कॉल सुरू झाला की एकदम बारीक होतो तो वेगळा प्रकार, जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्स टॅबला जाऊन डू नथिंग निवडा, नाहीतर कॉल दिसला की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली करतं.

ब्लूटूथ इअरबडवर रेकॉर्डिंग जुन्या लँडलाइनसारखं येतं ते बिघाड नाही. ब्लूटूथला गाणी ऐकवायची रीत वेगळी आणि माइक चालू असतानाची रीत वेगळी, माइक चालू झाला की ते फोनकॉलच्या पद्धतीवर जातं आणि आवाजाचा दर्जा पडतो, ऐकू येणाऱ्याचाही. इअरबड ऐकायला ठेवा आणि इनपुटला लॅपटॉपचा आतला माइक निवडा, लगेच फरक कळेल.

कुईं अशी शिट्टी वाजायला लागली तर माइकच्या प्रॉपर्टीजमधे लिसन टॅब बघा, लिसन टू धिस डिव्हाइसवर टिक असेल तर काढा. आणि स्पीकर बंद करून हेडफोन लावा.

राहिला घरातला गोंगाट. पंखा बंद. फ्रिजच्या खोलीत बसू नका. कुकर लावलेला असताना रेकॉर्डिंग करू नये हे मी तीन शिट्ट्या गोष्टीत गेल्यावर शिकलो. खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीला महागडे फोम चिकटवायची गरज नाही, पलंगावर बसा, समोर खुर्चीच्या पाठीवर एक जाड गोधडी टाका, पाठीमागे दुसरी, कपड्यांचं उघडं कपाट समोर असेल तर त्याहून उत्तम.

शेवटी ड्रायव्हर, आणि तो शेवटीच

वरचं सगळं झालं आणि यादीत माइकच येत नाहीये तर स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, तिथे ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्सखाली माइकवर पिवळं चिन्ह आहे का बघा. असेल तर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस आणि मग रिस्टार्ट. शट डाउन करून चालू करू नका, मुद्दाम रिस्टार्टच म्हणा, कारण विंडोजमधे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला काही भाग तसाच जपून ठेवून परत उघडतं. रिस्टार्टनेही काही झालं नाही तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्या. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट करतो म्हणणारी सॉफ्टवेअर घेऊ नका, एक काम करतील आणि चार नको ती बरोबर आणतील.

सगळं जमलं की त्याच दिवशी सेटिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नवीन वेबकॅम लावला, टीव्हीला केबल जोडली की विंडोज डिफॉल्ट बदलून टाकतं आणि आपण परत पहिल्या पायरीवर. मावशीने स्क्रीनशॉट वगैरे नाही काढला, तिने कॅलेंडरच्या मागच्या कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवलंय: गुलाबी, मागचा. लेव्हल ८५. वायरवरचं बटण वर. पंखा बंद. कुकर नंतर.